गुण हे दान नव्हे



शिक्षक उत्तरपत्रिका तपासून तिच्यावर आकडा मांडतो, त्या क्रियेला आपल्याकडे ‘गुणदान’ असा शब्द रूढ आहे. अन्नदान, गोदान, भूदान यांच्या पंगतीत हा शब्द येऊन बसला आहे. दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. किती द्यावे, कोणाला द्यावे, हे त्याला कोणी विचारीत नाही. घेणाऱ्याने ते मुकाट्याने घ्यावयाचे असते. विद्यार्थ्याच्या गुणांचा प्रकार असा आहे काय? आमचे उत्तर असे की, नाही. गुण हे विद्यार्थ्याचे येणे आहे. येणे चोख मोजावे लागते आणि मागणाऱ्याला त्याचा हिशेब दाखवावा लागतो. आज आम्ही एवढी एकच गोष्ट आपणांपुढे मांडणार आहोत.

वालचंदनगरच्या श्रोत्यांना मोजमापाची थोरवी सांगण्याची गरज नाही. शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे हे गाव १९३०च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसले. पुढे इथल्या कर्मशाळांतून साखर कारखान्यांची यंत्रे बाहेर पडली, अग्निबाणांचे भाग बाहेर पडले. यंत्राचा भाग ‘ठीक वाटतो’ म्हणून कोणी पुढे पाठवीत नाही. तो मापाला लावून पाहतात, आणि ते माप खरे आहे की नाही हेही वेळोवेळी तपासतात. उसाचेही तसेच. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचा जीव काट्याच्या आकड्यात गुंतलेला असतो. त्याला भाव मिळतो तो मात्र साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. त्याच्या एकट्याच्या उसात साखर किती, हे कोणी निराळे पाहत नाही. उसाच्या व्यवहारात ते चालून जाते. मुलांच्या बाबतीत चालत नाही. ‘हा वर्गच कच्चा’ किंवा ‘ही तुकडीच हुशार’ असे मनाशी धरून प्रत्येकाला गुण दिले, तर एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर चढते.

आता कोणी म्हणेल, अनुभवी शिक्षकाची नजर हाच उत्तम काटा. ही नजर किती स्थिर असते याची परीक्षा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेली आहे. १९१२ आणि १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघा संशोधकांनी एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यास पाठविल्या. इंग्रजीच्या एकाच पत्रिकेला मिळालेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांचा फरक पडला. गणितात तरी एकमत होईल असे वाटले होते. पण भूमितीच्या पत्रिकेत तफावत आणखी मोठी निघाली! पुढे १९३५ साली इंग्लंडमध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी याहून मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या. वर्ष-दीड वर्षाने त्याच पत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. पत्रिका तीच, माणूस तोच, निकाल मात्र निराळा. या परीक्षकांत लबाड कोणी नव्हता. लबाडी नसतानाही काटा हलतो, हा या प्रयोगांचा धडा आहे.

शालान्त परीक्षेत मंडळाने यावर काही बंदोबस्त केलेला असतो. परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव कळत नाही. त्याच्या तपासणीवर नियामकाची नजर असते. विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला. वर्गात यांतले काय असते? तिथे शिकविणारा, प्रश्न काढणारा, तपासणारा आणि निकाल सांगणारा एकच. मुलाचे अक्षर त्याच्या ओळखीचे, त्याचा बाप कारखान्यात कोणत्या हुद्द्यावर आहे हेही ठाऊक. म्हणून मंडळापेक्षा वर्गातला न्याय अधिक कठीण आहे.

आणि तो आता अधिक महत्त्वाचाही झाला आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय या सर्वांवरून मुलाची पारख करावी, ही कल्पना उत्तम आहे. तीन तासांच्या कागदापेक्षा मूल मोठे असते. परंतु पारखीची साधने वाढली की मर्जीच्या वाटाही वाढतात. श्रेणी लावल्याने प्रश्न सुटत नाही: ६० गुणांचे मूल ‘क-१’ आणि ६१ गुणांचे ‘ब-२’. त्या एका गुणाचा हिशेब द्यावाच लागतो.

कठोर शिक्षकाची तक्रार घेऊन पालक येतात. उदार शिक्षकाची तक्रार कोणी करीत नाही. पण सर्वांना वीसपैकी वीस देणे हाही अन्यायच. ज्या मुलीने प्रकल्पासाठी आठवडाभर विहिरींची पाणीपातळी मोजली, तिला आणि ज्याने आदल्या रात्री चित्रे चिकटविली त्याला एकच आकडा मिळाला, तर आपण मुलीची मेहनत पुसून टाकली. २०१९च्या दहावीत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले गेले. अभ्यासक्रमही नवा होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ साली साथीमुळे परीक्षाच झाली नाही आणि शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. त्या आपत्तीत दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. तथापि शाळेच्या हातच्या गुणांवर समाजाचा विश्वास किती, हा प्रश्न या आकड्यांनी उभा केला, हेही तितकेच खरे.

मग करावयाचे काय? उपाय साधे आहेत. त्यांना पैसा लागत नाही, शिस्त लागते. पहिला, माप आधी सांगावे: निबंधात विचाराला किती, भाषेला किती, हे लिहिण्यापूर्वी मुलांना कळले पाहिजे. दुसरा, नाव पत्रिकेच्या मागच्या पानावर लिहून घ्यावे. तिसरा, एक प्रश्न सर्व पत्रिकांत तपासून मग दुसऱ्याकडे वळावे आणि मध्ये गठ्ठा उलटासुलटा करावा. म्हणजे हुशार मुलाच्या पत्रिकेनंतर येणाऱ्याचे दुर्दैव रोज एकाच्याच वाट्याला येणार नाही. चौथा, पाच-दहा पत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून ताडून घ्याव्यात. पाचवा आणि सर्वांत मोठा, पत्रिका मुलाच्या हाती द्यावी आणि गुण का गेले ते समासात लिहावे. नुसता आकडा मुलाला गप्प करतो. कारण लिहिले तर त्याला पुढची वाट दिसते.

एक शंका उरते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर आलेले मूल वर्षाच्या मध्यावर वर्गात बसते. ते ‘पानी’ लिहिते, ‘व्हतं’ लिहिते. त्यालाही तेच माप लावावयाचे काय? आमचे म्हणणे असे: माप तेच लावावे, पण जे मोजावयाचे तेच मोजावे. विज्ञानाच्या पत्रिकेत बाष्पीभवन समजले की नाही हे पाहावयाचे असेल, तर बोलीसाठी गुण कापणे म्हणजे काट्यात खोट ठेवणे होय. ते समजले नसेल, तर दयेचे दोन गुण न देता त्याला दोन तास अधिक शिकवावे आणि पुन्हा परीक्षा द्यावयास लावावी. दयेच्या गुणांनी मूल पुढच्या वर्गात जाते. तिथे त्याला काहीच कळत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत ते शाळा सोडून कोयता हाती धरते. इतके महाग पडणारे दान कोणत्याही गरिबाला देऊ नये.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. शाळेत जाल तेव्हा ‘आमच्या मुलाला दोन गुण वाढवून द्या’ असे म्हणू नका. ‘दोन गुण कुठे गेले ते दाखवा’ असे म्हणा. पहिल्या मागणीत दानाची याचना आहे. दुसरी मागणी हक्काची आहे, आणि तिचे उत्तर देण्याची ज्या शिक्षकाची रोज तयारी असते, त्याच्या वर्गात नापास झालेले मूलदेखील मान वर करून घरी येते.