हॉटेलातला करार आणि आपली पोरं
(विहाराच्या वर्धापनदिनी पोफळी येथे केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा जेमतेम झाली, बाकीचं वाचन युनियनच्या कचेरीत. आज हॉटेल कामगारांवर बोलणार आहे, कारण गिरण्या गेल्या आणि आपल्या बौद्धवाडीतली पोरं आता चिपळूण, मुंबई, गोव्याच्या हॉटेलात कामाला लागतात.

ही लढाई जुनी आहे. जॉर्ज फर्नांडिस मंगळुरात हॉटेल कामगारांसाठी उभे राहिले तेव्हा वीस वर्षांचेसुद्धा नव्हते. त्या काळी हॉटेलातच राबायचं आणि रात्री तिथल्याच बाकड्यावर झोपायचं. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात हॉटेलवाल्याच्या कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी ठरवलेली होती. पण कायदा तास ठरवतो. पगारवाढ, बढती, सर्व्हिस चार्जमधला वाटा, हे ठरतं करारात.

आणि करारावर सही कोणाची? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यांचा विश्वास डॉ. दत्ता सामंतांवर, पण १९४६ च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार एकीकडे, सही दुसरीकडे! त्या संपात आमचं घरही होतं. आईने तांब्याची भांडी मोडीत घातली, ते मी पोरवयात पाहिलंय.

हॉटेलांसाठी महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा उपयोगी आला. पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि सहा महिने किमान ३० टक्के सभासद असतील, तर औद्योगिक न्यायालयाकडून युनियनला मान्यता घेता येई. मान्यताप्राप्त युनियनशी मालकाने सरळपणे बोलणी केली नाहीत, तर ती अनुचित प्रथा ठरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात, अनेक युनियन असतील तिथे, एकट्याने बोलणी करायला ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. म्हणजे माणसं जोडायचं काम वाढलं.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या हॉटेलात मागच्या दाराने जाऊन बघा. वेटर, स्वयंपाकी हॉटेलच्या हजेरीपटावर. मोरीवर भांडी घासणारा, संडास धुणारा, कचरा उचलणारा मात्र बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा. आणि तिथे कोणाची पोरं असतात, हे या सभेत सांगायला नको. करार होतो, पेढे वाटतात. मोरीवरच्याला पेढा मिळतो, वाढ मिळत नाही. त्याने १९७१ च्या कायद्याखाली तक्रार केली तर? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं की आपण मूळ मालकाचेच कामगार आहोत हे त्याने आधी दुसरीकडे सिद्ध करावं. तोवर कंत्राटदार बदललेला असतो.

बंधूंनो, हे आपल्याला नवं नाही. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला, तेव्हा कुठे नाइलाजाने तो मागण्यांत गेला. बाबासाहेब संपाच्या विरोधात होते असं काहीजण अजून बोलतात. त्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ चा संप वाचावा. काळ्या कायद्याविरुद्ध बाबासाहेब लाल बावट्याच्या बरोबरीने उतरले होते.

म्हणून युनियनचा माणूस मागण्यांचा कागद घेऊन आला की आपल्या पोरांनी तो आधी शेवटपर्यंत वाचावा. मोरीवरचा माणूस त्यात आहे का? कंत्राटदार बदलला तरी त्याची नोकरी राहील, असं लिहिलंय का? नसेल तर सभेत उभं राहून विचारा. वेटर पोरांनीसुद्धा विचारा. भांडी धुतली गेली नाहीत तर तुमचं ताट टेबलावर जाणार कसं?

ज्यांची पोरं हॉटेलात आहेत त्यांनी पोरांची नेमणुकीची चिठ्ठी आणि पगाराची पावती पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावी. पावतीच मिळत नसेल तर तेही येऊन सांगावं. मी सकाळपासून बसलेला असेन.

जयभीम! नमो बुद्धाय!