लग्नावरचा पहारा

दोस्तांनो, हसू नका.

मी गोदीतला हमाल, मॅट्रिक, वकील नाही. पण तुमच्या याच यवतमाळात डिसेंबर २०१७ ला दोन पुरुषांनी लग्न लावलं. तेव्हा ३७७ कलम मानेवर होतं. २०१८ ला कोर्टानं ते उतरवलं. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला तेच सुप्रीम कोर्ट म्हणालं : लग्न हा मूलभूत हक्क नाही, संसदेनं बघावं.

संसदेनं? १९५१ ला हिंदू कोड बिल तिथंच अडलं अन् बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कुणी कुणाशी लग्न करायचं, या पहाऱ्यावरच जात जगते, हे त्यांनी १९१६ सालीच दाखवलं होतं.

तोच पहारेकरी आज या दोघांच्या दारात उभा आहे. अन् आपण त्याच्यासोबत हसायचं?

जय भीम.