पहिला संगणक : दाम कोठे आणि काम कोठे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला संतवाङ्मय, अर्थकारण, राज्यघटना असे भारदस्त विषय शोभतात. आमचा आजचा विषय त्या पंगतीत बसणारा दिसत नाही. खेळ खेळण्यासाठी बेताच्या पैशांत पहिला संगणक जुळवायचा झाल्यास त्याचे भाग कसे निवडावेत, एवढाच तो आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हे कोठून काढले, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, पूर्वी युनियनच्या कचेरीत तरुण पोरे पगाराची चिठ्ठी घेऊन येत. आता तिच्याबरोबर दुकानदाराने दिलेले कोटेशनही आणतात. पाच-सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे त्या एका कागदावर लावायचे असतात. पगाराची चिठ्ठी जशी ओळीओळीने वाचावी लागते, तसेच हे कोटेशनही वाचावे लागते, आणि ते वाचायला कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावू. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "हा कसला नाद? खेळापायी एवढा पैसा?" पैशाची काळजी रास्त आहे, खेळाची हेटाळणी मात्र आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती १८९० साली, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून मिळवली. ती सुटी मिळाली तेव्हा तिचे काय करावे हे कामगाराने कोणाला विचारावे, असे त्यात ठरले नव्हते. कोणी भजनाला गेला, कोणी तालमीत, कोणी तमाशाला. आजचा मुलगा किंवा मुलगी पडद्यावर खेळत असेल तर ती त्यांच्या हक्काच्या वेळेची बाब आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्या वेळेसाठी घाम गाळून जमवलेल्या पैशांची कोणी लूट करू नये.

आता मुख्य विषय. दूरदर्शन संच आपण पेटी न उघडता घेतो; मग संगणकाचेच भाग निरनिराळे का घेता येतात? १९८१ साली आयबीएम कंपनीने जो वैयक्तिक संगणक काढला, त्याची रचना बरीचशी उघडी होती आणि आत दुसऱ्यांची कार्डे बसवायला खाचा होत्या. इतर कंपन्यांनी त्याबरहुकूम यंत्रे व भाग केले. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे मोजमाप ठरवले : मदरबोर्ड केवढा, स्क्रू कोठे, वीज कशी यायची. त्यामुळे आज एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याचे कॅबिनेट आणि तिसऱ्याचा एसएमपीएस निमूटपणे एकत्र नांदतात. पण निवडीचे स्वातंत्र्य आले की फसण्याची सोयही त्याच दाराने येते.

निवड कोठून सुरू करावी? बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरू करतात. आम्ही म्हणतो, पडद्यापासून करा. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर दर सेकंदाला बारा कोटींवर ठिपके रंगवायचे. फोर-के पडदा घेतला की हेच काम चौपट होते. पहिल्या, बेताच्या संगणकाला फुल एचडी पुष्कळ झाले. पडदा ठरला की काम किती ते ठरले. आणि काम किती ते कळल्याशिवाय माणसे किती लावायची हे कोणता मुकादम सांगेल?

हे ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. प्रोसेसरात थोडे पण फार हुशार कारागीर असतात. ग्राफिक्स कार्डात एकाच ठरीव कामाचे शेकडो-हजारो मजूर असतात. रायझन ५ ५६०० या २०२२ सालच्या प्रोसेसरात ६ कोअर आहेत. आरएक्स ६६०० या २०२१ सालच्या कार्डात असे १७९२ छोटे गणक आहेत. एकीकडे सहा मिस्त्री आणि दुसरीकडे पावणेदोन हजार बिगारी, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. मोठ्या, चित्रमय खेळांत भार कार्डावर पडतो, म्हणून पैशाचा सर्वांत मोठा वाटा कार्डाला. व्हॅलोरंटसारखे चुरशीचे खेळ मात्र चित्राने हलके असतात आणि तेथे प्रोसेसरचा कस लागतो. तेव्हा कोणते खेळ खेळणार, हे दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहून काढा.

वाटणी कशी करावी? भाव महिन्याला बदलतात. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डे एवढी उचलली गेली, की खेळणाऱ्यांना ती मिळेनात; २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. म्हणून आम्ही रुपये सांगत नाही, वाटे सांगतो. मॉनिटर, कीबोर्ड व माउस सोडून शंभर रुपये धरा. त्यांतील ३५ ग्राफिक्स कार्डाला, १७ प्रोसेसरला, १३ मदरबोर्डाला, १२ रॅमला, १० एसएसडीला, ८ एसएमपीएसला आणि ५ कॅबिनेटला. ही काही स्मृतिवचने नव्हेत. एखादा भाग महागला की वाटे हलतील. पण हातातले कोटेशन याच्याशी ताडून पाहा. प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून निम्म्यावर गेले असतील आणि कार्ड पंधरावर आले असेल, तर तो संगणक हिशेब लिहायला उत्तम आहे, खेळायला नाही.

आता नावांच्या भूलभुलैयाकडे वळू. "आय-सेव्हन आहे साहेब," असे सांगून जुना माल गळ्यात मारतात. २०११ साली आलेल्या आय७-२६०० मध्ये ४ कोअर व ८ थ्रेड होते. २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही तेवढेच आहेत आणि तो कितीतरी वेगवान आहे. शिवाय त्या जुन्या आय७ ला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे सातापेक्षा तीन मोठे ठरले! नावापुढचा पहिला आकडा हुद्दा सांगतो; पिढी कोणती, ते त्यापुढचे आकडे सांगतात.

दुसरे उदाहरण याहून बोलके. २०१७ साली जीटी १०३० नावाचे स्वस्त कार्ड आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाखाली दुसरे आले. त्यात जलद स्मृतीऐवजी साधी डीडीआर४ स्मृती होती. सेकंदाला सुमारे ४८ जीबी माहिती वाहणारा रस्ता सुमारे १७ जीबीवर आला. खोक्यावरचे नाव तेच, आतला माल निराळा. म्हणून कार्ड घेताना स्मृती किती आणि कोणत्या जातीची, हे बिलावर लिहून घ्यावे. आज ८ जीबीपेक्षा कमी स्मृतीचे कार्ड मोठ्या खेळांसाठी नव्याने घेऊ नये, असे आमचे मत आहे.

अक्षरांकडेही लक्ष असू द्या. इंटेलच्या नावाअखेरीस एफ असेल तर त्या प्रोसेसरात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. रायझन ५ ५६०० लाही ती नाही. कार्ड नसले तर पडदा काळाच राहील. उलट ५६००जी मध्ये ती सोय आहे. पैसे अपुरे असतील तर तो घेऊन हलके खेळ सुरू करावेत आणि कार्ड पुढच्या बोनसला घ्यावे. यात थोडे हरवते : ५६००जी ची आतली कॅश स्मृती ५६०० च्या निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे पडतो. पण व्याजाच्या हप्त्यांपेक्षा हे नुकसान आम्ही पत्करू.

आता ज्या भागाविषयी कोणीच विचारीत नाही, त्याविषयी बोलतो. तो म्हणजे एसएमपीएस, घरची वीज संगणकाजोगी करून देणारी पेटी. तिला दिवे नाहीत, दिमाख नाही. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा तिच्यावर पडते, आणि कॅबिनेटबरोबर फुकट येते ती घेतली जाते. कारखान्यात बॉयलरवाल्याचे नाव कोणी घेत नाही, पण तो चुकला तर सगळा कारखाना बंद. निकृष्ट एसएमपीएस जळताना एकटा जळेल, याची हमी नाही.

तो पारखायचा कसा? लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर जगतात. त्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून १२ ने गुणा. समजा, पेटीवर ठळक ४५० छापले आहे आणि १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर आहेत. गुणाकार आला २१६ वॉट. उरलेले वॉट नुसते शोभेचे! आपली गरजही मोजा. आरएक्स ६६०० चे १३२ वॉट, ५६०० चे ६५ धरा पण थोडे जास्त सोडा, बाकीच्यांचे पन्नास-साठ. अडीचशे ते पावणेतीनशेच्या आसपास. म्हणजे ४५० ते ५५० वॉटचा प्रामाणिक एसएमपीएस पुरे आहे. ७५० चा घ्यायला लावणाराही तुमचे हित पाहत नाही. ८० प्लस हे चिन्ह वीज किती वाया जाते एवढेच सांगते. संरक्षणाची हमी त्यात नसते. म्हणून नावाजलेली कंपनी आणि लांब मुदतीची वॉरंटी ही दोन्ही पाहावीत.

रॅम १६ जीबी घ्यावी, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. एका वाटेऐवजी दोन वाटांनी माहिती वाहते. एसएसडी साधली तर १ टीबीची, कारण काही मोठे खेळ एकेकटेच १०० जीबीहून अधिक जागा खातात. मदरबोर्ड आणि रॅम यांची जात जुळली पाहिजे : एएम४ मदरबोर्डाला डीडीआर४ च लागते, एएम५ ला डीडीआर५ च. एएम५ ला पुढच्या बढतीची वाट मोकळी आहे. एएम४ स्वस्त पडतो, पण ती वाट संपत आली आहे. कॅबिनेट काचेने झाकलेल्या तोंडाचे घेऊ नका, जाळीचे घ्या. वैशाख आता उंबरठ्यावरच आहे. वारा आत गेला नाही तर यंत्रही आपल्यासारखेच कामात ढिले पडते. घरचे अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या, आणि वीज वारंवार जात असेल तर लहानसा यूपीएस जोडा.

बाजाराबद्दल चार शब्द. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तपकीर गल्ली आहे. तीन दुकानांतून कोटेशन घ्या आणि प्रत्येक भागाचे पूर्ण नाव त्यावर लिहून मागा. "चांगल्या कंपनीची रॅम" असे लिहिलेले कोटेशन म्हणजे आकडा न घातलेला करार. त्यावर सही करू नये. दुकानदार म्हणेल, "बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील." ते वाचत नाहीत. बिलाशिवाय वॉरंटीला गेलात तर दाराबाहेर उभे राहाल, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायचे झाल्यास हातात पुरावा नसेल. जुने कार्ड घेण्यास आमची हरकत नाही, मात्र ते समोर लावून, अर्धा तास खेळ चालवून मगच पैसे मोजावेत. त्याची उरलेली वॉरंटी आणि मूळ बिल मागावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खाणकाम थांबले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात उतरली, हे विसरू नका.

जोडणी घरी करता येते. एक स्क्रूड्रायव्हर आणि एक निवांत रविवार लागतो. तीन गोष्टी तेवढ्या ध्यानात ठेवा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डाला नव्हे. नाहीतर पावणेदोन हजार बिगारी बसून राहतील आणि हजेरी मात्र भरली जाईल. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, म्हणजे रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने धावेल. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजमध्ये तो आकडा स्वतः निवडा. कित्येकदा तो मुकाट्याने ६० वरच चालत राहतो. या तिन्हींना एक पैसाही लागत नाही, पण त्या न केल्याने पैसे देऊन घेतलेली शक्ती वापराविना पडून राहते.

शेवटी एकच सांगतो. तयार पेटी घेणे हा गुन्हा नाही, आणि प्रत्येकाला वेळ असतो असेही नाही. पण ज्या मुलाने किंवा मुलीने एकदा आपल्या हाताने हे सात भाग निवडले, बसवले, त्यांना पुढे "साहेब, सगळेच बदलावे लागेल" असे सांगून कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. बिघडलेला भाग कोणता आणि चांगला कोणता, हे ते ओळखतात. गिऱ्हाईक होते, ते मालक होतात. कष्टाने कमावणाऱ्या घरात ही समज संगणकापेक्षाही जास्त दिवस टिकते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे, की पोरांनी कोटेशन आणले तर ते बाजूला सारू नका. शेजारी बसा आणि दोघे मिळून ते ओळीओळीने वाचा.