बिनतारी जोडणीचा जोर व वेग : शाळेतच करावयाची तपासणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालाघाटच्या माथ्यावरील दोन शिक्षकी शाळा असो की गोदाकाठच्या सपाटीवरील मोठी शाळा असो, एक तक्रार आज सर्वत्र सारखीच ऐकू येते. लॅपटॉप चालू आहे, वाय-फायची खूणही दिसते, परंतु पान काही उघडत नाही. ही तक्रार वरवर यंत्राची वाटते. तिचा भार मात्र मुलांवर पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. त्यांची मुले हंगामी वसतिगृहात राहावयाची की आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जावयाची, हे त्याच दिवसांत ठरते. जे मूल जाते, त्याचे नाव युडायस प्लसवरील एका शाळेच्या यादीतून सुटून दुसऱ्या शाळेच्या यादीत वेळेवर यावयास हवे. अशा वेळी गुरुजी फिरत्या चक्राकडे पाहत बसले, की समोरचे दोन वर्ग तसेच राहतात आणि त्या मुलाची नोंदही तशीच राहते.

जोडणी मंदावली की सामान्यतः दोन उपाय केले जातात. एक, लॅपटॉप जुना झाला म्हणून त्यास दोष देणे. दुसरा, सर्व यंत्रे एकदम बंद करून पुन्हा चालू करणे. दुसऱ्या उपायाने पुष्कळदा काम भागते, परंतु दोष कोठे होता ते कळत नाही आणि तो चार दिवसांनी परत येतो. वाचनात मागे पडलेल्या मुलास शहाणा शिक्षक एकदम 'ढ' म्हणत नाही. त्यास अक्षरओळख नाही, की जोडाक्षरे अडतात, की फळ्यावरचे दिसतच नाही, हे तो एकेक करून पाहतो. यंत्राची तपासणीही याच रीतीने करावयाची असते.

प्रथम एक भेद नीट ध्यानात घ्यावा. जोर निराळा व वेग निराळा. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या वाय-फायच्या रेघा केवळ राउटर ते लॅपटॉप एवढ्याच अंतरातील लहरींचा जोर सांगतात. राउटरच्या पलीकडे काय चालले आहे, याची त्यांना काहीच वार्ता नसते. म्हणून रेघा पूर्ण असूनही पान उघडत नाही, हे आश्चर्य नव्हे. माहितीची वाट तीन टप्प्यांची आहे : लॅपटॉप ते राउटर; राउटर ते सेवा देणाऱ्या कंपनीचे केंद्र; आणि तेथून पुढे ज्या संकेतस्थळावर काम करावयाचे ते. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे हे ठरविणे, हीच अर्धी दुरुस्ती होय.

ते ठरविण्याची कसोटी सोपी आहे. लॅपटॉप उचलून राउटरपासून दोन-तीन हातांवर ठेवावा आणि तेच पान पुन्हा उघडावे. वेग सुधारला, तर दोष पहिल्या टप्प्यात, म्हणजे शाळेच्या आवारातच आहे. वेग सुधारला नाही, तर राउटरला तारेने लॅपटॉप जोडून पाहावा. तरीही सुधारणा नसेल, तर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडावे. ते झटकन उघडले, तर शाळेची जोडणी ठीक असून गर्दी त्या एका संकेतस्थळावर आहे असे समजावे. तेही रखडले, तर दोष बहुधा बाहेरच्या वाटेत आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल, तर फोन यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडावा. मधला बिनतारी टप्पा त्यामुळे गळून पडतो आणि फोनला टॉवरकडून काय मिळते तेवढेच उरते.

आता पहिल्या टप्प्याचा विचार करू जाता, लहरींचा स्वभाव जाणणे अवश्य आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. लहरी भिंतीतून जातात हे तेव्हाच सिद्ध झाले. परंतु जाताना त्या काही शक्ती गमावतात, हेही तितकेच खरे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरीची सुमारे सहा. पहिली भिंतीतून तुलनेने अधिक पार जाते, पण तिचा वेग बेताचा. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून एकाच खोलीत काम असेल तर ५ चा पट्टा निवडावा आणि एक-दोन खोल्यांपलीकडे असेल तर २.४ चा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की जोर एक चतुर्थांश उरतो. त्यात अडथळ्यांची भर पडते. धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो. पाणी त्या शोषून घेते. जाड दगडी भिंत आणि लोखंडी सळयांचा स्लॅब त्यांस पुष्कळ क्षीण करतो. या दृष्टीने शाळेचे कार्यालय पाहावे. चोरीच्या भयाने राउटर लोखंडी कपाटात किंवा कपाटामागे ठेवलेला असतो. शेजारी पाण्याची टाकी असते. मधल्या खोलीस पत्र्याचे दार असते. राउटर सुरक्षित राहतो खरा, परंतु लहरीही तेथेच कोंडल्या जातात. त्यास शाळेच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याहून उंच, लाकडी फळीवर मोकळा ठेवावा. एवढ्यानेच अनेक तक्रारी मिटतात.

हा जोर मोजताही येतो. मोबाईलवरील साध्या अॅपमध्ये तो डीबीएम या मापात, ऋण अंकांत दिसतो. उणे ५० हा उत्तम, उणे ६५ ते ७० कामापुरता आणि उणे ८० अगदी क्षीण समजावा. दर १० अंकांच्या घसरणीस जोर एक दशांश होतो. म्हणजे उणे ५० वरून उणे ८० वर येणे याचा अर्थ जोर एक हजारांश उरणे. जोर घटला की यंत्रे चूक होऊ नये म्हणून आपसांत सावकाश बोलू लागतात. वेग मंदावण्याचे हे एक मूळ आहे.

दुसरे मूळ गलबल्यात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील अतिक्षीण लहरी ऐकू याव्यात म्हणून तेथे भोवतालचा रेडिओ-गोंगाट कमी राखण्याची दक्षता घेतली जाते. क्षीण आवाजही शांततेत ऐकू येतो. मोठा आवाजही गोंगाटात बुडतो. एका खोलीत दोन वर्ग निरनिराळे पाढे म्हणत असता काय होते, हे शिक्षकांस सांगावयास नको. २.४ च्या पट्ट्यात जवळजवळचे चॅनेल परस्परांवर चढतात. १, ६ व ११ हे तीन मात्र एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारच्या घरांतील राउटर १ वर असतील, तर शाळेचा ६ किंवा ११ वर ठेवावा. शिवाय एका राउटरवरील यंत्रांना पाळीपाळीने बोलावे लागते. दूर ओट्यावर बसून कोणी चित्रफीत पाहत असेल, तर त्याचे यंत्र सावकाश बोलते, पाळी लांबवते आणि कार्यालयातील काम खोळंबते. नोंदींच्या वेळी इतर मोबाईल वाय-फायवरून उतरवावेत आणि पासवर्ड अधूनमधून बदलावा.

लॅपटॉपमध्ये पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. बॅटरी वाचविण्याची योजना चालू असली की काही लॅपटॉप वाय-फायची शक्ती आखडती घेतात. म्हणून चार्जर लावून पाहावे. अपडेट मागल्या दाराने उतरत असते. ते शाळा सुटल्यावरच्या वेळेस लावावे. जुने जाळे 'विसरावयास' लावून पासवर्ड नव्याने द्यावा. वाय-फायचे ड्रायव्हर अद्ययावत करावे. दुसरा लॅपटॉप किंवा मोबाईल त्याच जागी उत्तम चालतो आणि हाच एक अडतो, असे दिसले तरच दोष लॅपटॉपचा मानावा. तेव्हाही नवा लॅपटॉप मागण्याआधी यूएसबीमध्ये बसणारा लहान वाय-फाय अडॅप्टर लावून पाहावा.

बाहेरच्या टप्प्यावर शिक्षकाचा हात मर्यादित आहे, परंतु रिकामा नाही. प्रकाशतंतूची जोडणी असेल तर त्याच्या पेटीवरील 'लॉस' हा दिवा पाहावा. तो लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. राउटर शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, कंपनीस कळवावे. तंतू खिळ्याभोवती करकचून वळविलेला असेल तर प्रकाश वाटेतच गळतो. मोबाईलवर काम असेल तर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत फोन ठेवावा, तो उन्हात तापू देऊ नये आणि दिवसाचा डेटा संपला नाही ना, हे पाहावे.

जेथे जोडणी मुळातच क्षीण आहे, तेथे ओझे हलके करणे हाच मार्ग होय. सेकंदास १ मेगाबिट वेगाने ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठविण्यास किमान ३२ सेकंद लागतात. अशी ४० छायाचित्रे म्हणजे एकवीस मिनिटांहून अधिक. तीच प्रत्येकी १०० किलोबाइटची केली, तर सारी मिळून सुमारे ३२ सेकंदांत जातात. मजकूर व याद्या आधी वहीत तयार ठेवाव्यात, 'दीक्षा'वरील पाठ आदल्या दिवशी उतरवून घ्यावेत आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. त्या दिवशी सारा प्रांत एकाच दाराशी उभा असतो.

या सर्वांत एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. तारीख, वेळ, जागा, जोराचा अंक, वेग आणि केलेला बदल, एवढे सहा रकाने पुरेत. पंधरा दिवसांच्या नोंदींतून दोष आपोआप बोलू लागतो. वेग रोज दुपारीच पडतो, की एकाच खोलीत पडतो, की पाऊस आला म्हणजे पडतो, हे दिसून येते. कंपनीकडे किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे तक्रार करताना 'नेट चालत नाही' या तीन शब्दांपेक्षा अशी वही कितीतरी अधिक वजनदार ठरते. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकासही ती उपयोगी पडते.

ही तपासणी वरच्या वर्गांतील मुलांकडूनही करवून घेता येते. हॉटस्पॉट लावलेला फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावावे, नंतर लाकडी पेटीत ठेवावा, नंतर पाण्याने भरलेल्या घागरीमागे ठेवावा. दर वेळी दुसऱ्या मोबाईलवरील अंक मुलांनी फळ्यावर मांडावा. मोजमाप, ऋण संख्या, आलेख आणि विज्ञान यांचा असा एकत्र पाठ विनाखर्च मिळतो. पुस्तकातील अदृश्य लहर मुलांच्या हाती अंकरूपाने येते.

यंत्र शाळेत आले ते शिक्षकाचा वेळ वाचावा म्हणून. तो वेळ यंत्रापुढेच खर्च होत असेल, तर हिशेब उलटा झाला असे समजावे. राउटर योग्य जागी ठेवणे, दोषाचा टप्पा ओळखणे आणि वहीत नोंद करणे या कामांना तंत्रज्ञ लागत नाही. चौकस शिक्षक लागतो, आणि तो प्रत्येक शाळेत आहे. कारखान्याच्या तळावर गेलेल्या मुलाचे नाव वेळेवर तेथील शाळेच्या पटावर चढले आणि इकडे वर्गातील तास बुडाला नाही, म्हणजे ही तपासणी कामी आली.