कठडा नसलेला कडा



आज तुम्हाला एका कड्याची हकीकत सांगायची आहे. हा कडा आपल्या देशातला नव्हे. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. थंड, डोंगराळ आणि समुद्रकाठचा. जून महिन्यात आम्ही तिथे गेलो होतो. त्या दिवसांत तिथे रात्री दहा वाजताही उजेड असतो, बरे का!

कड्याचे नाव प्रेइकेस्टोलेन. नाव घेताना जीभ अडखळते, पण अर्थ सोपा आहे. चर्चमध्ये पाद्री एका उंच चौथऱ्यावर उभा राहून उपदेश करतो. तो चौथरा म्हणजे प्रेइकेस्टोल. दगडही तसाच दिसतो, म्हणून हे नाव.

त्याच्या खाली समुद्राचे पाणी आहे. आपल्या कोकणात समुद्र जमिनीत शिरतो, त्याला आपण खाडी म्हणतो. हेही तसेच, पण काठ भिंतीसारखे उभे. फार पूर्वी तिथे बर्फाचे प्रचंड थर होते. ते सरकताना जमीन खरवडत गेले. खोल दरी तयार झाली. मग बर्फ वितळला आणि दरीत समुद्र शिरला. अशा खाडीला फियोर्ड म्हणतात. या फियोर्डचे नाव लीसेफियोर्ड. तो सुमारे ४० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी ४०० मीटरहून अधिक खोल आहे.

कडा पाण्यापासून ६०४ मीटर उंच आहे. म्हणजे सुमारे दोन हजार फूट. दिल्लीचे आठ कुतुबमिनार एकावर एक ठेवले, तरी त्याच्या माथ्याला पोचणार नाहीत. माथा मात्र सपाट. मळणीचे मोठे खळे असावे तसा. लांबी-रुंदी सुमारे २५ मीटर. हा कडा तासला कोणी? पाण्याने आणि थंडीने. खडकाच्या भेगांत पाणी शिरते. थंडीत ते गोठते आणि गोठले की फुगते. भेग रुंदावते. असे होत होत बाजूचा खडक तुटून खाली गेला. त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली असे जाणकार सांगतात.

वर जायला गाडी नाही, पाळणा नाही. चार किलोमीटर चालायचे आणि तेवढेच परत यायचे. चढायला दोनेक तास लागतात. वाटेत दलदल आहे, तिथे लाकडी फळ्या टाकल्या आहेत. बाकी दगडाच्या पायऱ्या. या पायऱ्या पाहून आम्हाला फार बरे वाटले. कारण त्या बसवायला आपल्या शेजारच्या नेपाळातले शेर्पा लोक आले होते. वर्षाला तीन लाखांहून अधिक माणसे इथे येतात. एवढ्या पायांनी वाट उखडून चिखल होत होता. शेर्पांनी मोठमोठे धोंडे असे घट्ट बसवले आहेत की पाय ठेवला तर हलत नाहीत. ज्याने आपल्या शेताची ताल रचली आहे, त्याला हे काम किती कठीण ते लगेच कळेल. लोक वर जाऊन कड्याचा फोटो काढतात. पायऱ्यांचा फोटो काढणारा आम्हाला एकही दिसला नाही.

माथ्यावर पोचलो आणि छातीत धस्स झाले. कड्याला कठडा नाही! तार नाही, दोर नाही. खडक संपला की हवा. काही लोक पोटावर सरपटत कडेपर्यंत जात होते आणि मान पुढे काढून खाली पाहत होते. आम्हीही तसेच पाहिले. खाली एक बोट चालली होती. तांदळाच्या दाण्याएवढी दिसली.

आम्ही तिथल्या वाटाड्याला विचारले, "कठडा का नाही हो?" तो म्हणाला, "एका डोंगराला कठडा घातला, तर सगळ्यांना घालावा लागेल. शिवाय कठडा असला की माणूस त्याच्यावर रेलतो. नसला की आपले पाय सांभाळतो." आम्हाला त्याचे म्हणणे सगळे पटले नाही. लहान पोरे बरोबर असतील तर काय? पण एक गोष्ट खरी. इतकी माणसे येऊनही तिथे अपघाताने पडल्याच्या घटना फार थोड्या आहेत.

त्या देशात डोंगरात जाणाऱ्यांसाठी काही नियम आहेत. ते १९५२ साली प्रथम केले गेले. हवा बघून निघा, बरोबर पुरेसे कपडे घ्या, असे साधे नियम. त्यांतला एक असा की वेळीच मागे फिरावे, त्यात लाज नाही. हे तिथले लोक नुसते वाचत नाहीत. आम्ही चढत असताना समोरून धुके आले. आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. माथा पाव तासावर राहिला होता. त्यांनी वर पाहिले, काठी टेकली आणि मागे फिरले. "उद्या येऊ," एवढेच म्हणाले. कोणी हसले नाही. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यावर अशी पाळी आली, तर बरोबरचे सोबती काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

अर्ध्या तासात धुके निवळले, म्हणून आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही फियोर्डमधून बोटीने गेलो. कड्याखाली बोट थांबली. सगळ्यांनी माना वर केल्या. कडा दिसला. वर माणसे होती म्हणे. आम्हाला मुंगीएवढेही कोणी दिसले नाही.