धारेमागचं पोलाद
(जयपूर येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरली की आपण म्हणतो, धार गेली. मग कुणीतरी ती दगडावर चार वेळा ओढतं. साल कापली जाते, सगळे खूश होतात. पण लाल भोपळा चिरायला घ्या. सुरी निम्म्यात अडकते, जोर लावला की भोपळा कटकन फुटतो. तो चिरला गेला नाही, फोडला गेला. धार आहे, तरीही सुरी कापत नाही. माझं आजचं सांगणं याभोवतीच आहे. कापायला सुरुवात धार करते, पण पुढचं सगळं काम धारेमागच्या पोलादाचं असतं, आणि त्याच्याकडे आपण बघतच नाही.

पातं पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळतं असतं. दर वेळी धार लावताना थोडं पोलाद झिजतं आणि धार वर, म्हणजे जाड भागाकडे सरकते. नव्या सुरीत धारेच्या लगेच मागे जाडी अर्धा मिलिमीटर असेल, तर काही वर्षांनी तिथे एक मिलिमीटर झालेली असते. दोन्ही बाजूंना खांदे तयार होतात आणि तेच भोपळ्यात अडकतात. अशा वेळी नुसती धार लावून भागत नाही. खांदे उतरवून पात्याचा उतार नव्याने घडवावा लागतो.

नव्याकोऱ्या सुरीलाही हे लागू शकतं. जयपूरच्या रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांच्या भट्ट्या तुम्ही रोज पाहता. चितोड १५६८ साली पडल्यावर किल्ल्यात परतायचं नाही, घर करून राहायचं नाही अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असं त्यांची परंपरा सांगते. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात परत नेलं. तरीही कित्येक कुटुंबं आजही रस्त्यावरच आहेत, आणि हे मला सलतं. इतकं कसब हाताशी असलेल्या माणसांना आपण घासाघीस करून दहा रुपये कमी देतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद सुऱ्या-कोयत्यांसाठी फार चांगलं. पण लोहार धार जाड ठेवतो, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला काटेरी फांद्या आणि हाडं तोडायची असतात. तिथे पातळ धार लगेच तुटेल. त्याचं बरोबरच आहे. आपलं काम कांदे चिरण्याचं, म्हणून उतार आपण बदलायचा. जुन्या कट्यारी जवळून पाहा. कित्येकींचं टोक मुद्दाम जाड केलेलं असतं, कारण ते चिलखतात घुसवायचं असे. पात्याचा आकार कामावरून ठरतो.

आता कोन. या शहरात कोनाबद्दल बोलायला संकोच वाटायचं कारण नाही. जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राचा उतार सुमारे २७ अंशांचा आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे. ते उभारणाऱ्या सवाई जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. त्यातलं फार थोडं आपल्याला पुरतं. सुरी दगडावर ठेवून पाठ उचलली की एक त्रिकोण होतो. पाठ पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उचलली, तर कोन सुमारे २० अंश. चौथा हिस्सा उचलली, तर साधारण १५. सहावा हिस्सा, तर जवळपास १०. कोनमापक नको, साधी पट्टी पुरे. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल, तर या उंच्या सुमारे १३, १० आणि ७ मिलिमीटर होतात. तेवढ्या जाडीच्या लाकडी चिपा करून ठेवा आणि सुरुवातीला पाठ त्यांवर टेकवून हाताला सवय लावा.

कामाला बसताना दगडाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो सरकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो, एका बाजूला जाड दाणा, दुसऱ्या बाजूला बारीक. जाड बाजू ओली करा. पात्याच्या कडेला मार्करने काळी रेघ ओढा. पाठ सहाव्या हिश्श्याइतकी उचलून दोन-चार हात मारा आणि रेघ बघा. शाई वरच्या बाजूला, खांद्यावर पुसली गेली, तर काम ठीक चाललंय. फक्त कडेची पुसली, तर पाठ फार वर आहे. ही शाई कधी खोटं बोलत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा लावा. दोन्ही बाजूंना सारखे हात पडू द्या, आणि पाणी काळं झालं तरी घाबरू नका, ते तुमचे खांदे विरघळतायत. गाडिया लोहाराच्या सुरीला यात एखादी दुपार सहज जाते. घाई करू नका.

खांदे उतरले की दगड उलटा करा आणि १५ ते २० अंशांत धार लावा. एका बाजूला घासताना पलीकडच्या कडेवर पोलादाची बारीक बर येते. अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद सरकवा, धारेच्या लांबीने कधीच नाही. ती खरखर टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली, तरच बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हाताने आलटूनपालटून घासा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पातं पाठीच्या दिशेने ओढा. बर राहिली तर सुरी पहिल्या दिवशी झकास कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते. लोक दोष पोलादाला देतात.

यंत्राचं कोरडं चाक मात्र जपून. चाकावरच्या ठिणग्या म्हणजे हवेत जळणारे पोलादाचे कण, आणि तीच उष्णता पात्यातही शिरते. सुमारे २२० अंश सेल्सिअसला पोलादावर पिवळसर छटा येते, ३००च्या आसपास ते निळं पडतं. निळ्या पडलेल्या कडेचं पाणी उतरलं असं समजा. ती धार टिकणार नाही, तेवढा भाग घासून काढावा लागेल. सायकलवर चाक घेऊन दारात येणाऱ्या धारवाल्याला आपण हाकलू नये, पण थोडंथोडं धरून पाण्यात बुडवत जा, असं त्याला जरूर सांगावं. त्याची मजुरी थोडी वाढेल, ती द्यावी.

दगड आणि पाणी इथे टेबलावर ठेवलं आहे. ज्यांनी आपापल्या सुऱ्या आणल्यात, त्यांनी आधी पट्टीने पात्याची रुंदी मोजून घ्यावी आणि एकेकाने पुढे यावं.