अठ्ठावीस मिनिटांची सोबत

कांहीं ध्वनिमुद्रिका एकदां ऐकून कपाटांत जातात; कांहीं मात्र आयुष्यभर सोबत करतात. निक ड्रेक ह्या इंग्रज गायकाची १९७२ सालची ‘पिंक मून’ ही दुसऱ्या प्रकारची होय. दोन रात्रींत मुद्रित झालेल्या तिच्या ११ रचना २८ मिनिटांत संपतात. पूर्वीच्या मुद्रिकांतील वाद्यवृंद येथें नाहीं. केवळ गिटार व कंठ, आणि एकाच गीतांत पियानोचे थोडे स्वर. प्रथम श्रवणीं ती उदास भासते. पुनःपुन्हां ऐकतां, निराळ्या स्वरांत लावलेल्या तारांतून दोन गिटारी वाजत असल्याचा भास होतो, आणि खिन्नतेखालचा रियाज प्रकट होतो. त्या काळीं ती फारशी खपली नाहीं. १९७४ सालीं, अवघा २६ वर्षांचा असतां, गायक निवर्तला. आज जगभरचे रसिक ती वारंवार लावतात. दाद आली खरी. ती घेणारा मात्र उरला नाहीं.